पोळ्यांची फॉइल

"गिटार आवरा, नाहीतर रविवारच्या सभेत बंदीचा ठराव आणतो," हे सांगायला सोसायटीचे सेक्रेटरी आपटे जिना चढून वर आले, तेव्हा आनंदीताई हॉलमध्ये फतकल मारून बसल्या होत्या. त्यांनी स्वतः ठोकून केलेल्या ॲम्प्लिफायरचं लाकडी खोकं समोर उघडं होतं आणि त्याला त्या आतून पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवत होत्या.

आपटे खूश झाले. "अच्छा, म्हणजे आता आवाज बाहेर पडायचा नाही तर!"

"अहो, आधी ते टोक धरा, फाटेल."

आपट्यांनी टोक धरलं. वर कोपऱ्यातली सुरकुती नखाने सपाट केली आणि "फट राहता कामा नये, काम कसं चोख हवं," असंही बजावलं. आनंदीताईंनी फॉइलला अर्थिंगची वायर जोडली, खोकं बंद केलं आणि बटण दाबलं. लिफ्ट खाली गेली, शेजारी मिक्सर फिरला, तरी स्पीकरमधून हूं की चूं नाही.

"वा! उशिरा का होईना, समज आली तुम्हाला."

"तुमचीच मदत झाली हो. लिफ्ट-मिक्सरच्या विजेची बाहेरची घरघर आत शिरायची, आणि आवाज वाढवला की तीही वाढायची. म्हणून तर वर्षभर मन मारून बारीक वाजवत होते," असं म्हणत आनंदीताईंनी गिटार गळ्यात अडकवली आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.