मोकळं

“डोळे मिटा,” नागपूरहून आलेल्या समुपदेशक मॅडम माइकवर म्हणाल्या. “ज्याला जी भीती वाटते, ती त्यानं मोठ्यानं सांगायची. कोण बोललं ते कोणीच पाहणार नाही. बोललं की भीती जाते.”

साकोलीच्या त्या कॉलेजात परीक्षेआधी तणावमुक्तीचं शिबिर होतं. हॉलभर पोरंपोरी डोळे मिटून बसली.

मग हर्षा उभी राहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

“मले व्हायवाची भीती वाटते,” ती डोळे घट्ट मिटून म्हणाली. “सर समोर बसले का आवाजच निघत नाही. मागच्या साली उभ्याउभ्याच माझी सलवार ओली झाली. मंग मी बाटलीतलं पाणी अंगावर सांडवलं. म्हणून कोणाले समजलं नाही.”

तिनं डोळे उघडले. सगळा हॉल तिच्याकडे पाहत होता. मागच्या बाकांवर दोन-तीन मोबाइल वर धरलेले होते.

“टाळ्या!” मॅडम म्हणाल्या. टाळ्या झाल्या, शिट्ट्याही झाल्या. “वाटलं ना मोकळं?”

हर्षा खाली बसली. शेजारच्या रत्नमालानं आपली ओढणी हळूच ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर एका अनोळखी पोरानं तिला पाण्याची बाटली दाखवली.

व्हायवाच्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात मुलींची रांग होती. तिच्या वर्गाला शिकवणाऱ्या अमर सरांनी हर्षाला बघून शिपायाला हाक मारली. “हिला आधी आत सोडा. आणि बाथरूम उघडं ठेवा.” त्यांना खरंच काळजी होती.

हर्षा आत गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलेल्या एकूणएक प्रश्नाचं तिनं खणखणीत उत्तर दिलं. एकदाही अडखळली नाही.

अमर सर खूश झाले. “पाहिलंस? शिबिराचा किती फायदा झाला! भीती गेली का नाही?”

“गेली, सर,” हर्षा म्हणाली. “आता भ्यायले उरलंच काय?”

“शाब्बास. पुढच्या शिबिरात हेच सांगशील पोरींना.”

ती बाहेर आली. रांगेतल्या मुली तिला वाट द्यायला मागे सरकल्या. एका माणसाला लागते त्याहून बरीच जास्त वाट त्यांनी करून दिली होती.