फुंकर

गाठ काढली, रेडिएशन झालं, तरी अण्णांच्या मेंदूच्या फिल्मवर पांढरा डाग होताच.

“गाठ परत आली असेल, किंवा रेडिएशननं जळालेला भाग असेल. आजच्या स्कॅनमध्ये तिथं रक्त खेळतंय का ते बघू,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे निखारा की राख, ते फुंकून बघणार,” कुमुदकाकू म्हणाल्या. डॉक्टर हसले. “अगदी तसंच.”

लहानपणी चुलीत निखारा सापडला की त्या हरखायच्या. शेजारी विस्तव मागायला जाणं टळायचं. आज निखारा नको होता. पण नवरा मशीनमध्ये असताना देवाकडे राख कशी मागायची? त्यांनी हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले.

संध्याकाळी डॉक्टर आले. “काकू, नुसती राख आहे!”

“शुभ बोला हो!” काकू कळवळल्या.

अण्णांनी त्यांचा हात दाबला. “अगं, शुभच बोलले ते.”