आईच्या गोळ्या

मेडिकलची पायरी शकुन चढली तेव्हा धर्मपाल नुकतंच शटर वर करून काउंटरची काच पुसत होता. तिला पाहताच सवयीनं त्याचा हात मागच्या फळीकडे गेला. तिच्या गोळ्या कोणत्या, हे त्याला कधी विचारावं लागत नसे.

"राहू द्या धर्मपालभाऊ," ती म्हणाली. "गोळ्याईसाठी नाही आली."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. रात्र परतवाड्याच्या दवाखान्यात लेकीच्या, मोनालीच्या उशाशी गेली होती. पोरगी काल अचलपूरच्या कॉलेजातून एसटीत बसली, ती गाव आलं तरी उठली नाही. कंडक्टरनं हाका मारल्या, शेजारच्या बाईनं तोंडावर पाणी मारलं, डोळे काही उघडेनात. त्या बाईनंच ऑटो करून तिला दवाखान्यात पोचवलं. पहाटे शुद्ध आली. काय घेतलं म्हणून डॉक्टरनं विचारलं, तर पोरगी एवढंच बोलली, "आईच्या गोळ्या."

शकुनचा नवरा गोवर्धन अजून पोरीपाशीच होता. गावात त्यांनी ताप आल्याचं सांगितलं होतं.

गर्भाशयाची पिशवी काढली तेव्हा शकुनला झोप येत नव्हती. डॉक्टरनं थोड्या दिवसांपुरत्या गोळ्या लिहून दिल्या. ते दिवस सरले, गोळ्या सरल्या नाहीत. झेंडूची तोडणी लागली की तिला वावरातून हलता येत नसे, मग ती मोनालीला दुकानात धाडायची. बारावीच्या धास्तीनं जागणाऱ्या पोरीनं त्यातलीच एक घेतली. पुढं एकीनं भागेना. पुढं दिवसाही लागायला लागली.

धर्मपालचा चेहरा उतरला. हातातलं फडकं तो नुसताच चुरगाळत राहिला. पोरगी आईनं पाठवलं म्हणायची, रोजच्या बसण्याउठण्यातलं घर, त्यानं डॉक्टरची चिठ्ठी कशी मागायची, असं काहीबाही बोलला आणि मध्येच थांबला. आपलं बोलणं त्यालाच पटलं नसावं.

"मी भांडाले नाही आली," शकुन म्हणाली. "धाडत त मीच होती. पन आता माह्या नावानं कोनालेच देऊ नोका. मी सोता आली तरी नाही."

तो म्हणाला, इतक्या दिवसांची सवय, एकदम सोडाल तर अंगावर येईल. शकुननं तेही डॉक्टरला विचारलं होतं. हळूहळू कमी करायच्या होत्या, आणि त्या गोवर्धनच्या ताब्यात राहणार होत्या.

"अन् झोप नाही आली त, वयनी?"

"त जागू दोघी मायलेकी."

तेवढ्यात आचल आली. मोनालीच्या वर्गातली, केशरबाईची नात. पाठीला दप्तर, बसच्या घाईत. शकुनला पाहून ती दारातच जरा थबकली. मग नजर टाळून पुढं झाली.

"काका, आजीच्या गोळ्या."

धर्मपालचा हात पुन्हा फळीकडे गेला. आणि अर्ध्यावर थांबला.

"चिठ्ठी आन बेटा," तो म्हणाला.

"तुमी त तशाच देता."

"देत होतो."

आचलनं सांगितलं, आजीचे गुडघे धरलेत, तिला इथवर चालवत नाही, आणि चिठ्ठी कुठं गेली तिलाच ठाऊक नाही. तिचा आवाज बारीक होत गेला. धर्मपालनं हात मागं घेतला आणि काउंटरवर ठेवून दिला. दुपारी दुकान बंद करून मी स्वतः आजीला विचारायला येतो, असं म्हणाला. ते ऐकून पोरीचा चेहरा पांढरा पडला.

शकुन तिच्याकडेच पाहत होती. डोळ्यांखाली काळं. ओठ सुकलेले. असाच चेहरा घरात रोज समोर होता आणि आपण त्याला अभ्यास समजत राहिलो, एवढंच तिच्या मनात आलं.

"चाल आचल, मी येतो तुह्या संगं आजीकडे."

"माही गाडी निंघून जाईन काकू."

"जाऊ दे."

दोघी पायरी उतरून रस्त्याला लागल्या. स्टँडवर बस उभी होती, गावातली पोरंपोरी तिच्यात चढत होती. आचल मान खाली घालून चालत राहिली. देवळाच्या वळणावर बस मागून येऊन त्यांच्या अंगावर धूळ उडवत पुढं निघून गेली. तेव्हा ती थांबली. शकुनकडे न पाहता हळूच म्हणाली,

"काकू, मोनाली उठली का?"

तापाच्या पेशंटबद्दल असं कुणी विचारत नाही.

शकुननं तिच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं, आणि तिचा हात धरला. तो गार पडला होता.

"उठली," ती म्हणाली. "तूही चाल."