मेव्हण्याचा हिन-चाऊ

"बोल, हिन-चाऊ!" हॉटेलच्या जिन्यात मी मेव्हण्याकडून तिसऱ्यांदा घोकून घेतलं.

"अर्थ काय हो, दाजी?"

"गाण्याचा बादशहा आलाय!" मी बिनधास्त ठोकून दिलं. हाँगकाँगला येऊन त्याला महिनाच झाला होता आणि आज त्याच्या ऑफिसातल्या लामसाहेबांच्या साठीच्या जेवणात तो गाणार होता. साहेबांवर छाप पाडायची म्हणून बिचारा आठवडाभर बाथरूममध्ये रेकत होता. त्या कँटोनीज शब्दाचा खरा अर्थ मला आमच्या इथल्या चिनी भाजीवालीनं सांगितला होता: 'आता माझं ओंगळ ध्यान बघा.'

स्टेजवर चढून, झक्कास वाकून तो म्हणाला, "हिन-चाऊ!" मी तोंडावर रुमाल दाबला. पण अख्खा हॉल टाळ्यांनी दणाणला!

"काय नम्र पोरगा!" शेजारी बसलेले त्याचे लामसाहेब मला म्हणाले. "गाण्याआधी स्वतःला असं कमी लेखायची आमची जुनी रीत. हल्ली म्हणतं कोण?"

त्याचं गाणंही लोकांनी डोक्यावर घेतलं. तो इतका फुलला, की माझ्याकडे हात करून ओरडला, "आता आमचे दाजी! हिन-चाऊ!"

हॉल चिडीचूप. लामसाहेबांनी धावत जाऊन त्याला अर्थ सांगितला. वर बजावलं, "हे फक्त स्वतःबद्दल म्हणायचं, दुसऱ्याबद्दल कधीच नाही!"

मेव्हण्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग खदाखदा हसत माईक माझ्या हातात कोंबला.

मी गायलो, आणि त्याचा शब्द खरा करून दाखवला.