डॉक्टर एवारिस्तोंचं नेटवर्क
"एक जरी पोरगं मुकं बसलं ना बाई, तर ऑगस्टच्या कंत्राटाची वाट बघू नका," डॉक्टर एवारिस्तो पडद्यावरच्या आपल्या चौकटीतून गोड हसून म्हणाले. मग टायची गाठ सारखी करून त्यांनी कॅनडाच्या पाहुणीला ऑनलाइन वर्गात घेतलं.

ग्रिसेल्दाने कॉफीचा कप बाजूला ठेवला. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या त्या विद्यापीठात ती तासांवर इंग्रजी शिकवायची, आणि तासांवरच्या माणसाचं नशीब दर सेमिस्टरला डॉक्टरांच्या सहीला टांगलेलं असायचं. डॉक्टर म्हणजे भाषा विभागाचे प्रमुख. डॉक्टरेट शिक्षणातल्या नावीन्यावर. त्या नावीन्यापायी विभागात प्लॅटफॉर्मचं पीक आलं होतं. एकावर हजेरी, दुसऱ्यावर गृहपाठ, आणि तिसरा नुसता 'आज तुम्ही आनंदी आहात का?' एवढंच विचारायचा. पोरांचा निम्मा तास पासवर्ड आठवण्यात जायचा. उरलेल्या वेळात ग्रिसेल्दा इंग्रजी शिकवून घ्यायची. आज ही सगळी करामत बघून कॅनडावाले भागीदारीचं ठरवणार होते.

पाहुण्या हेलनबाईंना स्पॅनिशचा गंध नव्हता. त्यांनी थेट पोरांनाच इंग्रजीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. ग्रिसेल्दा एकेका पोराच्या चौकटीकडे बघू लागली.

पण पोरं बोलली! नाबोर घरच्या बेकरीत भट्टीपुढे उभा होता. पाव कसा फुगतो, हे तो घाम पुसत सांगत सुटला. इत्सेल बसमध्ये होती. तिने शेजारच्या आजोबांचीही ओळख करून दिली. व्याकरणाची हाडं खिळखिळी होत होती, पण गाडी काही थांबत नव्हती. हेलनबाई खळखळून हसल्या. प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारावी, असं ग्रिसेल्दाला वाटलं.

"कमाल आहे! हे श्रेय कोणाचं?" हेलनबाईंनी विचारलं.

प्रश्न डॉक्टरांना कळला नव्हता, पण कौतुक कळलं. त्यांनी झटकन स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.

"मग डॉक्टर, तुम्हीच सांगा ना. कशी शिकवता तुमच्याकडे भाषा?"

डॉक्टरांचं इंग्रजी 'थँक यू'च्या पुढे कधी गेलंच नव्हतं. विभागप्रमुखाला लागतंय कशाला? आता मात्र सगळ्या चौकटी त्यांच्याकडे बघत होत्या. डॉक्टर होते तसेच राहिले. तोंड अर्धं उघडं, बोट छातीवर, नजर एकटक.

"अरेरे, नेटवर्क गेलं वाटतं त्यांचं. चित्रच गोठलंय," हेलनबाई हळहळल्या.

तेवढ्यात डॉक्टरांच्या मागचं दार उघडलं. त्यांच्या आई मक्याच्या पिठाच्या गरम तामालेंची बशी घेऊन आल्या. बशी टेबलावर ठेवून त्यांनी लेकाकडे निरखून पाहिलं. "एवारिस्तो, अरे बाळा, असा पुतळ्यासारखा काय बसलायस? चक्कर आली का?" त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. डॉक्टर हलले नाहीत. पोरांनी पटापट माईक बंद केले. आवाज बंद झाले, तरी खांदे गदगदत होते.

हेलनबाई चक्रावल्या. "ग्रिसेल्दा, या कोण? काय म्हणतायत? नेटवर्कच गेलंय ना नक्की?"

आता सगळा मामला तिच्या जिभेवर होता. किती सेमिस्टरं तिने या माणसापुढे मान खाली घालून काढली होती! तिला संतापही आला आणि मजाही वाटली. उत्तराची घाई न करता तिने डॉक्टरांना स्पॅनिशमध्ये विचारलं, "डॉक्टर, या बाईंना काय सांगू? माझं ऑगस्टचं कंत्राट पक्कं ना?"

गोठलेल्या डॉक्टरांनी, पापणीही न लववता, मान डोलावली.