मस्कतला गेलेली पत्रं

सलिलच्या मुलीने, उर्वीने, फोन गुणवंतीसमोर उभा केला तेव्हा कुसुम तिथेच, हातभर अंतरावर, हाताला तेल लावून फणसाचे गरे काढत बसली होती. फोनमध्ये तिचं कोपरही येत नव्हतं.

नातीला कॉलेजसाठी चाळीस वर्षांपूर्वीचं मस्कत हवं होतं. गुणवंतीने ते अगदी पदर सावरून दिलं. थंड हवेचं यंत्र, शुक्रवारी गाडीतून समुद्रावर जाणं, नवऱ्याच्या साहेबाने दिलेलं अत्तर. समुद्राचं मेलं एवढं काय कौतुक, कुसुमच्या मनात आलं, आपल्या मांडवीच्या किनाऱ्याला काय डबकं आहे? धाकटी जाऊ तिकडे नऊ वर्षं अत्तर लावत होती, तेव्हा थोरली इथे अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करत होती. वर धाकटीचा सलिलही सांभाळत होती. शाळेसाठी मागे ठेवलेला, पाच वर्षांचा. पण तिला कोण विचारतंय? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय खोटं?

मग उर्वीने विचारलं, बाबा लहानपणी कसे होते?

गुणवंती खुलली. सलिल काजूच्या झाडावरून पडला, हात मोडला, तर पठ्ठ्याने प्लास्टरवरच पाढे लिहून काढले. रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसावं लागलं, पाय बधिर झाले, असंही तिने सांगितलं.

कुसुमचा हात थांबला. बधिर झाले होते ते पाय तिचे होते. मस्कत नेलंन ते नेलंन, आता काजूचं झाडही न्यायला निघाली! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तू कुठे होतीस गो तेव्हा?" तिने विचारलं.

उर्वीने दोघींकडे पाहिलं. फोन चालूच होता.

गुणवंतीने कबूल केलं. ती नव्हतीच तिथे. कुसुमचं पत्र तेवढं आलं होतं. यजमान कामावर गेले की बंद खोलीत ती ते काढून मोठ्याने वाचायची. वाचून वाचून आपणच त्याला घेऊन बसलो होतो असं वाटायला लागलं, ते आजतागायत.

"सगळं लिहायचात तुम्ही, वहिनी," ती म्हणाली. "एवढं एकच नाही लिहिलंत. पडला तेव्हा हाक कोणाला मारलीन हो?"

कुसुमला. 'मोठी आई' म्हणून असा ओरडला होता की तीन घरांपलीकडे ऐकू गेलं. तिने ते मुद्दामच लिहिलं नव्हतं. मस्कतवाल्यांना सगळंच कशाला द्यायचं, असं तेव्हा वाटलं होतं. आजही तेच वाटलं.

"आता कुठलं आठवायला," ती म्हणाली, आणि त्यातल्या त्यात मोठा गरा निवडून तिने जावेच्या पुढ्यात सरकवला.