डाव कोणावर?

मधल्या सुट्टीत तांड्यावरच्या शाळेमागं पोरं शाळा-शाळा खेळायच्या बेतात होती. डबा धुवायला आलेले गोटे सर भिंतीआडच थांबले. सर कोणी व्हायचं हे ठरवायला सगळी गोल करून हात चकत होती. आपल्या खुर्चीसाठी एवढी चढाओढ पाहून सर गालातल्या गालात हसले.

एकेक जण "सुटलो रे!" म्हणून उड्या मारत बाजूला झाला. शेवटी एकटी शीला उरली आणि रडायलाच लागली.

सर पुढं झाले. "काहून रडून राह्यली वं येड्यावानी, बयताड? सर व्हायचं होतं का तुले?"

पोरांतला पवन खाली मान घालून म्हणाला, "नाही सर. डाव तिच्यावरच आला. ज्याच्यावर डाव येते, त्याले सर व्हा लागते."

डबा सरांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी कसंबसं विचारलं, "मंग... त्यात रडाचं काय?"

शीलानं बाहीनं डोळे पुसले.

"सर झालं का साऱ्यायले बयताड म्हना लागते. मले नाही म्हनवत, सर."